लेखकाचे मुखत्यार

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा नववीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. एकदा 'माझे बालपण' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. वह्या तपासताना एका मुलाचा निबंध हाती आला. त्याने स्वतःविषयी एक अक्षरही लिहिले नव्हते. गोविंदा नावाच्या कोणा मुलाची हकीकत सांगितली होती. गोविंदाच्या वडिलांचे दुकान बुडते, घेणेकरी ओटीवर येऊन बसतात, आई शेजारणीकडून वाटीभर पीठ उसने आणावयास गोविंदालाच पाठविते, आणि रस्त्यात शाळासोबती दिसताच गोविंदा ती वाटी सदऱ्याखाली लपवितो. निबंध चांगला उतरला आहे हे मला तेव्हाही कळले होते. तरी मी तांबड्या शाईने शेरा मारला : 'विषयांतर. स्वतःविषयी लिहावे.' मुलाने निमूटपणे दुसरा निबंध लिहून आणला. त्यात नदी होती, आंब्याचे झाड होते, गोष्टी सांगणारी आजी होती. त्याला मी दहापैकी सात गुण दिले. पुढे दोन महिन्यांनी त्याचे वडील फीमाफीचा अर्ज घेऊन शाळेत आले, आणि त्यांच्याशी चार शब्द बोलताच गोविंदा कोण हे मला उमगले.

त्या तांबड्या शेऱ्याची टोचणी अद्याप गेलेली नाही. आपण अध्यापक वर्गात नेमकी उलटी चूकही करतो. 'श्यामची आई' शिकविताना 'श्याम म्हणजे कोण?' असा प्रश्न घालतो, 'श्याम म्हणजे साने गुरुजी' हे उत्तर आले की समाधान पावतो आणि पान उलटतो. एका ठिकाणी लेखकाने आपल्यासाठी उभे केलेले पात्र आपल्याला ओळखताच येत नाही; दुसऱ्या ठिकाणी ते इतक्या झटपट ओळखू येते की लेखकाने ते उभे तरी का केले, हा विचारच मनात येत नाही. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे असे मला वाटते. अशा पात्रांकडे पाहावे कसे, हे थोडे स्पष्ट करण्याचा या लेखात विचार आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. आत्मचरित्रात पुस्तकावर छापलेले नाव आणि आत 'मी' म्हणणारे माणूस ही एकच असतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील 'मी' ही लक्ष्मीबाईच, याविषयी वाचकाला शंका नसते. फ्रेंच समीक्षक फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राला लेखक आणि वाचक यांच्यामधील करार म्हटले, ते यथार्थ आहे. या करारामुळे वाचकाला जाब विचारण्याचा हक्क मिळतो. लेखकाने घडले नाही ते सांगितले, तर वाचक त्याला खोटे ठरवू शकतो.

कादंबरीतील 'मी'बाबत असा करार नसतो. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागली. ती यमूने सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. यमू विधवा होते, तिचे केशवपन होते, आणि हे सारे ती 'मी' म्हणून सांगते. लिहिणारे हरिभाऊ त्या वेळी सव्वीस वर्षांचे पुरुष होते. तेव्हा पुस्तकात 'मी' आहे म्हणून तो लेखक, असे अनुमान काढणाऱ्याची फसगत ठरलेली. उलट, 'तो' म्हणून वावरणारे पात्रही लेखकाच्या अगदी निकटचे असू शकते. सर्वनामावरून निर्णय होत नाही.

या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. लेखक आपल्याच आयुष्यातील प्रसंग, आपलेच गाव, आपलीच लाज आणि आपलेच सुख एका निराळ्या नावाच्या माणसाकडे सोपवितो आणि आपण बाजूला उभा राहतो. अशा पात्राला मी 'मुखत्यार' म्हणतो. मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्यांना ठाऊक असते की मुखत्यार म्हणजे धनी नव्हे. पत्रात जी कामे नमूद केली असतील तेवढीच करण्याचा त्याला अधिकार असतो. तो आपल्यासाठी सही करतो, आपल्यासाठी कचेरीत उभा राहतो. पण आपल्या घरी येऊन जेवत नाही. साहित्यातील मुखत्याराचेही तसेच आहे. त्याच्याकडे लेखकाने काय सोपविले, आणि काय सोपविले नाही, हे पाहिल्यावाचून त्याचे काम कळत नाही.

ही युक्ती आपल्याकडे पाश्चात्त्य कादंबरीबरोबरच आली असे मानण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातील पैठणचे एकनाथ महाराज भारुडात जोगी होतात, वासुदेव होतात, विंचू चावलेला माणूस होऊन कळवळतात, आणि शेवटी 'एका जनार्दनी' अशी आपली मुद्रा उमटवितात. सोंग दुसऱ्याचे आणि सही स्वतःची. ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि त्या दोहोंतील अंतरातच भारुडाचा अर्थ असतो. अर्वाचीन लेखकाने फरक केला तो एवढाच, की शेवटची मुद्रा पुसून टाकली.

आता एक असे उदाहरण घेऊ, की ज्यात लेखकाचे खरे आयुष्य आणि मुखत्याराचे आयुष्य अशी दोन्ही कागदपत्रे आपल्यापुढे आहेत. चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' ही कादंबरी मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. लहानगा डेव्हिड शाळेतून काढला जातो आणि मद्याच्या एका वखारीत बाटल्या धुण्याच्या आणि त्यांवर चिठ्ठ्या डकविण्याच्या कामाला लावला जातो. तत्कालीन वाचकांनी हा प्रसंग कल्पित म्हणून वाचला आणि डोळे पुसले. डिकन्स १८७० मध्ये वारला. त्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा लोकांना कळले की १८२४ मध्ये, बारा वर्षांच्या वयात, डिकन्स स्वतः बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या डकवीत होता. आठवड्याची मजुरी सहा शिलिंग. वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते. ही गोष्ट डिकन्सने जन्मभर झाकून ठेवली होती. स्वतःच्या आठवणींचे काही कागद लिहून त्याने फॉर्स्टरपाशी दिले होते एवढेच. डेव्हिड कॉपरफील्ड या नावाची आद्याक्षरे ही आपल्याच नावाची उलटी आद्याक्षरे आहेत, हे फॉर्स्टरने दाखविले तेव्हा खुद्द डिकन्स चकित झाला होता.

येथवरचे साम्य कोणीही सांगू शकेल. पण महत्त्वाचे आहे ते पुढचे. डिकन्सचे आईवडील दोघेही हयात होते. वडील तुरुंगातून सुटले, पुढे त्यांचे कारखान्याच्या चालकाशी बिनसले आणि मुलाला कामावरून काढून घेण्यात आले. तेव्हा आईचे मत पडले की त्याला पुन्हा तेथेच पाठवावे. वडिलांनी ऐकले नाही आणि मुलाला शाळेत घातले. आईचे ते मत डिकन्सला कधीही विसरता आले नाही. आता कादंबरीत काय होते ते पाहा. डेव्हिडचे वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारलेले आहेत. आई प्रेमळ, दुबळी आणि लहानपणीच अंतरलेली. त्याला वखारीत पाठविणारा माणूस आहे सावत्र बाप मर्डस्टन. खऱ्या वडिलांचा उधळेपणा आणि कर्जबाजारीपणा मिकॉबर नावाच्या एका परक्या, विनोदी आणि लोभस्वाण्या गृहस्थाकडे गेला आहे. म्हणजे डिकन्सने प्रसंग तसाच ठेवला आणि माणसे हलविली. आईवरचा राग सावत्र बापाच्या माथी मारला, वडिलांना हसण्यावारी नेऊन क्षमा केली, आणि आईला निर्दोष ठेवण्यासाठी तिला आधीच मृत्यूच्या स्वाधीन केले. स्वतःच्या नावाने लिहिताना यांतील एकही गोष्ट त्याला करता आली नसती. आईविरुद्ध साक्ष देणे त्याच्या जिभेवर येत नव्हते आणि ती साक्ष गिळून टाकणेही जमत नव्हते. ही अडचण डेव्हिडने दूर केली.

मुखत्यार-पात्राचे पहिले कार्य हे असे आहे. जे सांगितल्यावाचून राहवत नाही आणि स्वतःच्या तोंडाने सांगवत नाही, ते तो सांगतो. वाटी सदऱ्याखाली लपविणारा गोविंदा याच जातीचा होता.

दुसरे उदाहरण टॉलस्टॉयचे. १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅना कॅरेनिना' या कादंबरीत लेव्हिन नावाचा एक जमीनदार आहे. टॉलस्टॉयचे स्वतःचे नाव लेव्ह. त्यावरूनच हे आडनाव घडलेले आहे. लेव्हिन किटीला मागणी घालतो ती पत्त्यांच्या टेबलावर खडूने शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहून; टॉलस्टॉयने १८६२ मध्ये सोफिया हिच्याशी विवाह केला, त्याच्या आधीची ही त्याची स्वतःची आठवण आहे. विवाहापूर्वी आपल्या रोजनिशा वधूच्या हाती देऊन तिला रडविण्याचा पराक्रमही दोघांनी केला. इतके सारे उचलले, पण एक गोष्ट टॉलस्टॉयने लेव्हिनला दिली नाही. ती म्हणजे लेखणी. 'युद्ध आणि शांती' लिहून झालेल्या या लेखकाचा प्रतिनिधी शेतीव्यवस्थेवर एक पुस्तक लिहीत असतो, आणि तेही पुरे होत नाही. कीर्ती, प्रतिभा, वाचकांची वाहवा हे सारे काढून घेतले, तर आपल्या हाती माणूस म्हणून काय उरते, हा प्रश्न टॉलस्टॉयला विचारावयाचा होता. लेखक असलेल्या नायकाला तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारता आला नसता.

शेवटी लेव्हिन सुखी संसारात असूनही दोरी नजरेआड ठेवतो, बंदूक घेऊन फिरावयास धजत नाही. टॉलस्टॉयने पुढे 'माझी कबुली' या आत्मकथनात दोरी आणि बंदूक यांची हीच हकीकत स्वतःच्या नावाने सांगितली. जी गोष्ट प्रथम मुखत्याराकडून वदवली, ती स्वतः उच्चारण्याचे धैर्य नंतर आले. या क्रमाकडे अध्यापकांनी अवश्य लक्ष द्यावे. गोविंदाविषयी लिहिणारा मुलगा कदाचित एक दिवस 'मी' म्हणू शकला असता. पण गोविंदाची पायरी मी मधूनच काढून घेतली.

आता श्यामकडे वळू. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ मध्ये कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते, तेथील छात्रालयात मुलांबरोबर राहत होते. १९३० मध्ये शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची आई यशोदाबाई १९१७ मध्येच निवर्तली होती, आणि तिच्या शेवटच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता.

पुस्तकात पालगड आहे, दापोली आहे, घरचे दारिद्र्य आहे, आईच्या अंतकाळी दूर असलेला मुलगाही आहे. मग बदलले काय?

पहिला बदल नावाचा. पांडुरंगाचा श्याम झाला. पांडुरंग हे पंढरीच्या विठोबाचे नाव आणि श्याम हे गोकुळातल्या कृष्णाचे. नाव पालटले, दैवत तेच राहिले. पण उभ्या देवाचा खोडकर बाळ झाला. यशोदेच्या मुलाला हे नाव किती शोभते हे सांगावयास नको.

दुसरा बदल स्थळाचा. पुस्तकात तुरुंग नाही. एका आश्रमात संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, एका रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. पाच दिवसांत, भिंतींच्या आड, झपाट्याने लिहिलेला मजकूर सावकाश, मोकळ्या हवेत, जिवलगांच्या सान्निध्यात सांगितल्यासारखा मांडला आहे. बंदिवानाने स्वतःसाठी एक बैठक कल्पिली आणि तिच्यात श्यामला बसविले. ज्या श्रोत्यांवाचून ही कथा सांगताच आली नसती, ते श्रोते प्रथम निर्माण करावे लागले. छात्रालयातील मुलांची आठवण त्यामागे असावी हे सहज पटते.

तिसरा बदल सर्वांत सूक्ष्म आहे. या पुस्तकात एक श्याम नाही, दोन आहेत. एक लहान श्याम : पोहावयास भिऊन लपणारा, आईच्या हातची शिंपटी खाणारा, फुलांच्या कळ्या खुडल्याबद्दल बोलणी ऐकणारा. दुसरा मोठा श्याम : ही सारी हकीकत सांगणारा, आणि सांगता सांगता कंठ दाटून येणारा. लहान श्यामला त्या वेळी जे कळत नव्हते ते मोठ्या श्यामला कळले आहे, पण आता ते आईला जाऊन सांगता येत नाही. पुस्तकातील करुणरस या दोघांच्या मधल्या वर्षांत आहे. आई चांगली होती एवढ्याने ते पुस्तक थोर झालेले नाही; चांगल्या आया पुष्कळांना लाभतात. आणि या दोन श्यामांच्या मागे तिसरे साने गुरुजी आहेत, जे पुस्तकात कोठेही दिसत नाहीत.

श्याम हे नाव घेतल्याने आणखी एक अडचण दूर झाली. धाकट्या भावाला कोट शिवावा म्हणून खाऊचे पैसे साठविणारा मुलगा 'तो मी' असे म्हणाला असता, तर वाचकाला आत्मस्तुतीचा वास आला असता. श्याम ते सांगतो तेव्हा आपण श्यामकडे पाहत नाही, त्याला तसे घडविणाऱ्या आईकडे पाहतो. पुस्तकाचे नावही श्यामचे नाही, त्याच्या आईचे आहे.

'श्याम म्हणजे साने गुरुजी' असे म्हणून आपण थांबतो, तेव्हा आणखी एक नुकसान होते. लोकांच्या मनात गुरुजी हे कायमचे डोळ्यांत पाणी आणणारे लहान मूल होऊन बसतात. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेले गुरुजी त्या चित्रात मावत नाहीत. वस्तुतः या दोहोंचा सांधा पुस्तकातच आहे. एका महार म्हातारीची लाकडांची मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे, असे आई श्यामला सांगते, तो प्रसंग वाचावा. श्यामने जी मोळी उचलली तिचे ओझे गुरुजींनी पंढरपुरापर्यंत नेले. पण हे दिसण्यासाठी श्याम आणि गुरुजी यांना आधी वेगळे ठेवावे लागते. दोघांना एकच मानले, तर एकापासून दुसऱ्यापर्यंतचे चालणेच दिसत नाही.

आतापर्यंतची पात्रे गंभीर होती. विनोदी लेखकाचा मुखत्यार निराळ्या रीतीने काम करतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, आणि त्याचे मित्र बंडूनाना व पांडूतात्या, ही मंडळी आपल्या परिचयाची आहेतच. जुन्या रूढींची तरफदारी करण्याचा आव आणून सुदामा त्यांना हास्यास्पद करून सोडतो. त्याचे म्हणणे हे कोल्हटकरांचे म्हणणे समजणारा वाचक पुरता फसेल. तो वारसा पुढे चालविला आपल्या बडोद्याच्या चि. वि. जोशी यांनी.

चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे प्राध्यापक होते. बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी होते. त्यांचा 'मी' म्हणून बोलणारा नायक मात्र चिमणराव, एक भिडस्त, भित्रा, पांढरपेशा कारकून. घरात काऊ, मोरू, मैना, राघू. आणि कोणत्याही संकटात दंड थोपटून पुढे जाणारा गुंड्याभाऊ. चिंतामण आणि चिमणराव या नावांतील जवळीक लपत नाही. पण जोशींनी आपल्या चिमणरावाला विद्वत्ता दिली नाही, अधिकार दिला नाही, शहाणपणही बेताचेच दिले. एखाद्या विद्वानाने मध्यमवर्गीय माणसाच्या भित्रेपणावर बाहेरून टीका केली असती, तर ती वाचकाला लागली असती. स्वतःला चार पायऱ्या खाली उतरवून त्याच भित्रेपणाचा धनी करून घेतल्यावर वाचक खुशाल हसतो, आणि हसून झाल्यावर चपापतो, कारण तो स्वतःही त्याच पायरीवर उभा असतो. डिकन्सने मुखत्याराकडे आपले दुःख सोपविले, टॉलस्टॉयने आपला संशय, गुरुजींनी आपली कृतज्ञता आणि पश्चात्ताप, चि. विं. नी आपल्यातला आणि आपल्या वर्गातला हास्यास्पद अंश सोपविला.

मुखत्यार आणि धनी यांचे मार्ग पुढे किती दूर जाऊ शकतात, याचे उदाहरण 'कोसला' देते. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये खानदेशातील सांगवी येथे झाला. १९६३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, वयाने पंचविशीतलाच. आडनावच गावाचा पत्ता सांगते. पांडुरंग पुण्याला शिकावयास जातो, बापाचे पैसे खर्चतो, पदरात काही न पडता गावी परततो. नेमाडे मात्र परतले नाहीत. ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, गोवा आणि मुंबई येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले, आणि २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. सांगवीकर अद्याप पंचविशीतच आहे आणि अद्याप हरलेलाच आहे. आपण हरलो असतो तर काय झालो असतो, याचा अंदाज त्याच्याकडून घेतला गेला. अध्यापकाच्या आयुष्याविषयी लिहावयाची वेळ आली तेव्हा सांगवीकराचे मुखत्यारपत्र उपयोगी पडेना. १९७५ ते १९७९ या काळातील चार कादंबऱ्यांसाठी चांगदेव पाटील हा नवा माणूस नेमावा लागला. श्यामचा लेखक पांडुरंग आणि त्याने नाव घेतले श्यामचे. पुढे दुसऱ्या लेखकाच्या मुखत्याराचे नाव पांडुरंग. हा केवळ योगायोग. पण खानदेशच्या भूमीशी नाते असलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकात मुलगा आईपुढे लीन होतो, दुसऱ्यात मुलगा बापाशी भांडतो, आणि दोन्ही ठिकाणी लेखकाला त्यासाठी स्वतःचे नाव बाजूला ठेवावे लागते.

या सर्वांवरून अध्यापनासाठी एक साधी रीत सुचते. एखादे पात्र लेखकाचे प्रतिनिधी आहे असे दिसले, तर विद्यार्थ्यांकडून साम्यांची यादी करून घेऊन थांबू नये. साम्य शोधण्यास चरित्रकोश पुरे आहे. त्यापुढे तीन प्रश्न विचारावेत. लेखकाने आपल्या आयुष्यातील काय बदलले? स्वतःजवळचे काय या पात्राला दिले नाही? आणि हे बदल केल्यामुळे जे सांगता आले, ते स्वतःच्या नावाने सांगता आले असते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहितीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर लक्षपूर्वक वाचनात मिळते. तिसऱ्याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच्या मनात शोधावे लागते, आणि म्हणून तोच प्रश्न खरा वाङ्मयाचा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. लेखकाचे चरित्र ठाऊक नसले तर पुस्तक कळणारच नाही काय? तसे मुळीच नाही. १८५० च्या वाचकाला डिकन्सचा कारखाना माहीत नव्हता, तरी डेव्हिडसाठी त्याचे डोळे ओलावलेच. पुस्तक स्वतःच्या पायांवर उभे असते. चरित्राचा उपयोग एवढाच, की लेखकापुढे दुसरे मार्ग कोणते होते आणि त्याने हाच का निवडला हे त्यावरून समजते. आणि जिवंत लेखकांच्या बाबतीत तर फार जपावे. पात्राच्या पापपुण्याचा हिशेब लेखकाच्या, त्याच्या पत्नीच्या वा आईवडिलांच्या खात्यावर मांडण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुखत्यार नेमण्याचा हेतूच मुळी घराचा दरवाजा बंद राहावा हा असतो.

वर्गातही हे पथ्य पाळावे लागते. निबंधाचा विषय देताना मी हल्ली 'माझे बालपण' याच्या जोडीला 'एका मुलाचे बालपण' असाही पर्याय देतो. मुले कोणता पर्याय निवडतात याची मी नोंद ठेवीत नाही, आणि त्या 'एका मुला'चे खरे नाव कोणाला विचारीत नाही. जे लिहिले असेल त्यावर भाषेच्या, मांडणीच्या आणि सच्चेपणाच्या दृष्टीने गुण देतो. क्वचित एखादी वही अशी येते की ती मिटल्यावर पुढची उघडण्यापूर्वी काही वेळ जावा लागतो.

गोविंदाची ती पहिली वही माझ्याजवळ नाही. ती मुलाला परत दिली होती, आणि मला वाटते त्याने ते पान फाडूनही टाकले असेल. तो निबंध पुन्हा माझ्या हाती आला, तर तांबड्या शाईचा शेरा खोडून मी एवढेच लिहीन : 'गोविंदाची पुढची हकीकत सवड होईल तेव्हा लिहावी.'